मोटर चालू होती

अक्का,

तुझ्या शाळेनं स्मरणिकेसाठी माझ्याकडून दोन पानं मागितली होती. ती मी लिहून दिली. त्यात तुझी कंधारची नोकरी आहे, तू मुलींना मैदानावर सायकल शिकवायचीस ते आहे, निवृत्तीच्या दिवशी हार घालून घ्यायला नकार दिलास तेही आहे. हेडमास्तरांचा फोन आला, सर, फार छान उतरलंय म्हणाले. उतरलं असेल. त्यात खोटं काही नाही. तू गच्चीवर पडलीस त्या सकाळी मी काय केलं, तेवढं फक्त त्यात नाही. ते इथं लिहितो. तुला जाऊन सव्वा महिना होत आला. तू असतीस तर म्हणाली असतीस, अन्या, लई उशीर लावलास. हाव अक्का, लावला.

माझ्या फोनवर तुझं घर अजून चालू आहे. सोलरवाल्यानं दिलेलं ते ॲप मी काढलेलं नाही. त्यात दोन रेघा असतात, तुला माहीत आहे. पिवळी म्हणजे गच्चीवरचे पॅनल किती वीज करतात ती. निळी म्हणजे घर किती वापरतं ती. पिवळी अजून रोज सकाळी उठते, दुपारी डोक्यावर येते, संध्याकाळी झोपते. तू नाहीस हे तिला कुणी सांगितलेलं नाही. निळी मात्र तळाला पडून असते. अधूनमधून एक बारीकसा दात वर येतो, तो फ्रिजचा. तुझं लोणचं आहे म्हणून तुझ्या मीनलनं फ्रिज बंद करू दिला नाही. इथं लातूरला बसून मी तो दात बघत असतो. वर्गावर जाताना बघतो, येताना बघतो. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पोरांना भौतिकशास्त्र शिकवणारा, आणि बहिणीचा फ्रिज बघत बसतो.

तुला कंधारची खोली आठवते का? बाबा गेले आणि तू मला तुझ्याकडे आणलंस. तुझी पहिलीच नोकरी, किल्ल्याच्या अंगाला एक खोली, आणि घरमालकाचा करार असा की खोलीला एक बल्ब, बाकी काही लावायचं नाही. माझ्या दहावीच्या उन्हाळ्यात तू बाजारातून पिन लावायची सोय असलेला होल्डर आणलास, तो बल्बच्या जागी बसवलास आणि त्याला टेबलफॅन लटकवलास. घरमालक बोळात मीटरसमोर उभा राहायचा. मीटरची चकती जोरात पळायली की दार वाजवायचा. तू आधी पिन ओढायचीस, मग दार उघडायचीस, आणि पदर सावरत म्हणायचीस, काही न्हाई काका, पोरगं वाचून राहिलंय. एकदा तो चिडून म्हणाला, "बाई, चकती खोटं बोलत न्हाई." तू शांतपणे त्याला म्हणालीस, "चकतीला एवढंच कळतं की कायतरी चालू हाय. काय चालू हाय ते माणसाला विचारावं लागतंय."

तो निरुत्तर झाला नाही, उलट पुढच्या महिन्यापासून दोन वेळा येऊ लागला. पण मी ते वाक्य आवडीनं पाठ केलं होतं. कॉलेजात मित्रांना सांगायचो. आमची अक्का अशी आहे म्हणून.

आणि मीच विसरलो.

पॅनल बसवायची हौस माझी होती, तुझी नव्हती. दाजी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मीनल हैदराबादला नोकरीला, तू विष्णुपुरीच्या वाटेवरच्या त्या घरात एकटी. माझं म्हणणं असं की लातूरला चल. तुझं म्हणणं असं की मी नांदेड सोडत नाही. मग मी ठरवलं की निदान घर तरी ठीकठाक करून द्यावं. सगळं वायरिंग बदललं, जुनं फ्यूजचं बोर्ड काढून नवीन बसवलं, आणि गच्चीवर सोलर. तू एकच प्रश्न विचारलास, "मग माझ्या कुरडया कुठं घालू?" सोलरवाला हसला. तू हसली नाहीस. शेवटी तो खाली माणूस उभा राहील एवढं उंच लोखंड उभं करायला तयार झाला. कडेच्या उन्हात तुझं वाळवण आणि खाली सावलीत तुझी खुर्ची. पुढे तूच फोनवर सांगायचीस, अन्या, तुझ्या लाइटचं मला काही कळत नाही, पण सावली लई चांगली पडली बघ.

अर्थिंगसाठी त्यानं अंगणात खड्डे घेतले, मीठ-कोळसा भरला आणि सांगून गेला की उन्हाळ्यात यात पाणी टाकत जा. तू ते मनावर घेतलंस. सकाळी तुळशीला एक तांब्या आणि अर्थिंगला एक तांब्या. शेजारच्या फरजानाभाभींनी विचारलं, बाई, या झाकणाखाली कोणतं झाड लावलं? तू म्हणालीस, लाइटचं झाड हाय, पाणी न्हाई घातलं की वाळतंय. भाभी कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत होत्या.

पहिल्यांदा भर दुपारी लाइट गेली तेव्हा तू मला वर्ग चालू असताना फोन केलास. ऊन रणरणतंय, पॅनल डोक्यावर आहेत, मग पंखा का बंद? मी तुला समजावलं. खांबावरची लाइन गेली की आपलं सोलरही स्वतःहून थांबतं, कारण खांबावर कुणी वायरमन चढलेला असेल आणि आपली वीज उलटी त्याच्या हाताला लागली तर तो मरेल. मला वाटलं तू वैतागशील. तू म्हणालीस, "बरोबर हाय मग. त्या लेकराचं होऊ दे. मी बसते अशीच." फोन ठेवल्यावर मी वर्गात ते उदाहरण दिलं. न दिसणाऱ्या माणसासाठी यंत्र थांबतं, असं काहीतरी बोललो. पोरांनी वहीत लिहून घेतलं असेल.

मग ते नवीन स्मार्ट मीटर आलं. कॉलनीत सगळे धास्तावले, म्हणे लई पळतंय. तू त्याला कुंकू लावलंस आणि म्हणालीस, याला चकती तर न्हाई, घरमालक तरी येणार न्हाई आता.

घरमालक आला अक्का. तो मीच.

तुझ्या फोनवर मी ॲप टाकून दिलं होतं. आठवड्यात तू ते काढायला लावलंस. मला माझं घर दिसतंय की, म्हणालीस. माझ्या फोनवर राहिलं. सुरुवातीला गंमत म्हणून बघायचो. मग सवय लागली. सकाळी सहाच्या सुमारास निळी रेघ उभी राहिली की गीझर, म्हणजे अक्का उठली. सातनंतर एक छोटा दात, मिक्सर, म्हणजे शेंगदाण्याची चटणी. आठला मोटर, बोअरचं पाणी वर टाकीत. दुपारी पंख्याची सपाट रेघ, म्हणजे खुर्चीवर पेपर तोंडावर घेऊन पडली असशील. मला सगळं दिसायचं. म्हणून मी फोन करेनासा झालो. आधी दिवसाआड करायचो. पाणी आलं का, गुडघे कसे आहेत, मीनलचा फोन होता का, असं फुटकळ बोलणं. त्यात मला काय बोलावं हे कधीच सुचायचं नाही, तुला ठाऊक आहे. मी बोलणारा माणूस नव्हे. त्या रेघेनं माझी सुटका केली. अक्का बरी आहे हे न बोलता कळत होतं. मला खरंच वाटायचं की मी तुझी काळजी घेतोय.

फोन मी करायचो तो रेघ चुकली की. बहुतेक वेळा मोटर. तू चालू करायचीस आणि विसरायचीस, टाकी भरून वाहायची, आणि निळी रेघ भिंतीसारखी सरळ उभी. मी वर्गाबाहेर येऊन फोन लावायचो, मोटर चालू राहिली. तू अगं बाई म्हणून पळायचीस. दोन मिनिटांत रेघ खाली. मला बरं वाटायचं. लातूरहून नांदेडची मोटर बंद केली, असं काहीतरी.

जानेवारीत, संक्रांतीच्या पुढं-मागं, असाच एक फोन झाला. मी म्हणालो, मोटर. तू उठली नाहीस. म्हणालीस, "तू माझ्या चौकशीला फोन करतोस का मोटरच्या?" मी म्हणालो, अक्का, पाणी चाललंय. तू म्हणालीस, "चालू दे. आधी विचार, अक्का, कशी हाईस. मग मोटरचं बोल." मला ते विचारता आलं नाही. एवढी वर्षं सहज विचारत होतो आणि मागितल्यावर जीभ उचलेना. मी म्हणालो, तू बरी आहेस ते मला दिसतंय की. मग म्हणालीस, "कंधारचा घरमालक बरा होता रे. तो दार तरी वाजवायचा." आणि फोन ठेवलास. पाच मिनिटांनी रेघ खाली आली.

ते भांडण आपलं तसंच राहिलं. त्यानंतर मोटर चालू राहिली की मी फोन करत नव्हतो, मेसेज टाकायचो. तू वाचायचीस, मोटर बंद करायचीस, उत्तर द्यायची नाहीस. मला वाटायचं, अक्का रुसली आहे. तुला काय वाटायचं ते मी विचारलं नाही.

त्यात उन्हाळा लागला. पॅनलवर धूळ बसली, आणि पिवळी रेघ दुपारी जिथं जायची तिथं जाईना. आधी सोलरवाल्याचा माणूस महिन्याला येऊन धुऊन जायचा. मग तो फोन उचलेना. मी तुला दोन चित्रं पाठवली, मागच्या वर्षीची रेघ आणि या वर्षीची, शेजारी शेजारी, वर लाल गोल करून. मास्तरकी. खाली लिहिलं, धुऊन घे. तू लिहिलंस, गुडघे. मी लिहिलं, मोटर लावून पाइपनं पाणी मार, चढायची काय गरज. एवढ्या उंचीवर खालून पाइपनं मातीचा थर निघत नाही, हे मला कळत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पिवळी रेघ चांगली वर गेली. मी खूश झालो. मनात म्हणालो, बघ, सांगितलं की होतंय.

आणि हे तर मी कुणालाच सांगितलेलं नाही. त्याच आठवड्यात फरजानाभाभींचा फोन आला होता. त्या म्हणाल्या, भाऊ, बाई लोखंडी स्टुलावर चढून बांबूला फडकं बांधून वर पुसतात, तुम्ही सांगा त्यांना, आमचं ऐकत नाहीत. मी म्हणालो, सांगतो. सांगायचं म्हणजे फोन करायला हवा होता. फोन केला असता तर आधी कशी आहेस विचारावं लागलं असतं. मी पुढं ढकललं. खरं म्हणजे मला रेघ वर गेलेली हवी होती, आणि तू रुसूनही माझं ऐकतेस याचं सुखही हवं होतं.

आता ती सकाळ.

आठ वाजून गेल्यावर निळी रेघ उभी राहिली. मी पहिल्या तासावर होतो. बाहेर आलो तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती, रेघ तशीच उभी. टाकी एवढा वेळ घेत नाही. मी मेसेज टाकला. दोन शब्द. "मोटर. परत." दोन टिका पडल्या, म्हणजे तुझ्या फोनवर पोहोचला. निळ्या झाल्या नाहीत. मी दुसऱ्या तासाला गेलो.

अकराच्या सुट्टीत चहा घेताना बघितलं. रेघ उभीच. टिका करड्याच. तेव्हा मला काळजी वाटली असं मी दवाखान्यात सगळ्यांना सांगितलं. वाटली नव्हती. राग आला होता. मला वाटलं, तू मुद्दाम करतेस. मेसेज वाचायचा नाही असं ठरवून बसली आहेस. मी फोन करावा, आधी कशी आहेस विचारावं, म्हणून मोटर चालू ठेवलीस. माझ्या हातात कप होता. शेजारी बसलेले रसायनशास्त्राचे सर म्हणाले, काय सर, घरी सगळं ठीक? मी म्हणालो, हो, बहिणीचा हट्ट चाललाय. आणि मनात म्हणालो, बघू किती वेळ चालवते.

अक्का, मला माहीत नव्हतं असं नाही गं. मी बघत होतो. तू पडून होतीस तेवढा सगळा वेळ मी मधूनमधून तुला बघत होतो, आणि ती आपल्या दोघांतली लढत आहे असं समजत होतो. बाराला बघितलं. साडेबाराला बघितलं. तुझं गाव लोडशेडिंगचं, रोज कधीतरी लाइट जाते. त्या दिवशी गेली नाही.

एक वाजून दहा मिनिटांनी रेघ खाली आली. तेव्हा माझ्या मनात काय आलं ते लिहून टाकतो, म्हणजे संपेल. मी म्हणालो, हरली.

पंधरा मिनिटांनी भाभींचा फोन आला. "भाऊ, बाई गच्चीवर पडल्या. तुम्ही निघा." मोटर बंद केली ती त्यांनी. गच्चीचं पाणी पन्हळीतून बोळात सकाळपासून वाहत होतं. त्यांनाही वाटलं, बाई पॅनल धुऊन राहिल्या. दुपारी पाणी त्यांच्या दारात आलं तेव्हा त्या हाका मारत जिना चढल्या. तू पॅनलखाली होतीस, अर्धी सावलीत, स्टूल बाजूला आडवं, आणि पाइपचं पाणी तुझ्या पाठीखालून चाललेलं. डॉक्टर मला म्हणाले, डोक्याला मार आहे, थोडं लवकर आणलं असतं तर बरं झालं असतं. आणि दुसरं म्हणाले, या उन्हात एवढा वेळ तग धरला तो त्या पाण्यामुळं, अंग गार राहिलं. म्हणजे जी मोटर मी बंद कर म्हणत होतो, तिनं तुला एक वाजेपर्यंत धरून ठेवलं. मी काहीच धरलं नाही. तू उठून माझं ऐकलं असतंस तर कसं, असा एक वेडा विचार येतो. तू उठू शकत असतीस तर.

लातूरहून मित्राच्या गाडीनं निघालो. अहमदपूर गेलं, लोहा आलं. लोह्याला मित्र पाण्याची बाटली घ्यायला उतरला. मी फोन उघडला. तुझ्या नावाखाली तो मेसेज होता, टिका अजून करड्या. मी तो डिलीट केला. तुझ्या फोनवरूनही जाईल असा. ती शुद्धीवर आली तर हे वाचायला नको, असं मी स्वतःला सांगितलं. पण तुझा फोन तेव्हा भाभींकडे होता, आणि संध्याकाळपर्यंत मीनल येणार होती. मी कुणापासून लपवत होतो ते मला तेव्हाही कळत होतं.

दोन दिवस तू डोळे मिटून होतीस. मी शेजारी बसून होतो. नर्स म्हणाली, बोला त्यांच्याशी, कानावर पडतं. तेव्हा मी विचारू शकलो असतो. अक्का, कशी हाईस. खोलीत कुणी नव्हतं. मी तुझ्या बोटांवरचं हळदीचं पिवळं बघत बसलो. ओठांवर आलं आणि वाटलं, आता विचारणं म्हणजे थट्टा होईल. तिसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस.

तेराव्याला पंगत उठल्यावर मीनल माझ्याजवळ येऊन बसली. तुझा फोन तिच्या हातात. म्हणाली, मामा, आईच्या फोनवर तुझा त्या दिवशीचा मेसेज आहे, डिलीट केलेला. तसं लिहून येतं. काय लिहिलं होतंस?

मी म्हणालो, काही नाही गं.

तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तुझ्यासारखाच जड हात आहे तिचा. म्हणाली, "नको सांगू. तू कधी बोलत न्हाईस. त्या दिवशी कायतरी लिहावंसं वाटलं तुला, एवढंच मला बास हाय." आणि मग तिनं तेच सगळ्यांना सांगितलं. मावशीला, भाभींना, तुझ्या शाळेतल्या बायांना. मामाला आतून कळलं होतं म्हणे. त्यानं सकाळीच आईला काहीतरी लिहिलं होतं. बाया माझ्याकडे बघून डोळे पुसत होत्या. मी खाली मान घालून बसलो. दुःखात माणूस जसा बसतो तसंच ते दिसलं असेल. माझ्या गप्प राहण्याचं आयुष्यभर कुणी कौतुक केलं नव्हतं. त्या दिवशी झालं.

परवा मीनलचा फोन आला. लाइटचं कनेक्शन तुझ्या नावावरून तिच्या नावावर करायचं आहे, त्यासाठी ती येणार होती. म्हणाली, मामा, ते ॲप माझ्या फोनवर टाकून दे, पासवर्ड पाठव, आता मीच बघत जाईन. त्या ॲपमध्ये कुठलीही तारीख उघडता येते. त्या दिवशीची उघडली की निळी भिंत आठपासून एकपर्यंत उभी दिसते, आणि मेसेजची वेळ तिच्याकडे आहेच. हुशार पोरगी आहे, तुझ्या हाताखाली वाढलेली. खरं सांगतो अक्का, तिनं पासवर्ड मागितला नसता तर मी आजही हे लिहायला बसलो नसतो. माझं मन शुद्ध झालं असं काही समजू नकोस.

आज रविवार. ती काल दुपारी नांदेडला पोहोचली. मी सकाळपासून हे लिहितोय, फोन शेजारी उघडा ठेवून. सहाला गीझर लागला. मी दचकलो. किती दिवसांनी तुझं घर उठलं होतं. मग मिक्सर नाही, तिला चटणी करायचा कंटाळा आहे. मी जानेवारीच्या भांडणापर्यंत आलो होतो आणि साडेआठच्या सुमारास निळी रेघ उभी राहिली.

मोटर.

मी लिहायचं सोडलं आणि फोन लावला. बऱ्याच रिंगा गेल्या. उचलला तर मागं पाण्याचा आवाज.

"मोटरसाठीच केलास ना मामा," ती हसत म्हणाली. "आई म्हणायची. चालू हाय, माहीत हाय मला. पॅनल धुऊन राहिले. किती धूळ आहे इथं."

मी म्हणालो, मीनल, आधी खाली ये. स्टुलावरून उतर. तिचं हसणं थांबलं. म्हणाली, उतरले. काय झालं?

मी म्हणालो, "कशी हाईस?"

ती म्हणाली, बरी आहे. असं का विचारतोस? मग मी सांगितलं. मेसेजमध्ये काय लिहिलं होतं ते, दोन्ही शब्द. नऊ दहाचं, अकराचं, बाराचं. भाभींचा फोन आधी येऊन गेला होता ते. लोह्याचं. हरली म्हणालो तेही सांगितलं. तुला या पत्रात अजून सगळं लिहून झालेलं नव्हतं, तिनं तुझ्या आधी ऐकलं त्यातलं निम्मं.

मला फक्त पाइपचं पाणी ऐकू येत होतं, गच्चीच्या फरशीवर पडणारं. माझं संपल्यावरही ते येत राहिलं. मग फोन बंद झाला. तिनं ठेवला का हातातून निसटला, कळलं नाही.

रेघ उभी होती. मी पुढचं सगळं, म्हणजे ती सकाळ, त्या रेघेकडे बघत लिहिलं आहे. पाच-पाच मिनिटांनी ती एक टप्पा पुढं सरकते, खाली येत नाही. मोटर का चालू आहे याचे मी शंभर अर्थ लावले. ती रडत असेल. ती तुझ्या खुर्चीवर बसली असेल. ती रागानं तशीच पॅनल पुसत असेल. ती पुन्हा स्टुलावर चढली असेल. तीन तासांच्या अंतरावर बसून मला एवढंच कळत होतं की कायतरी चालू आहे.

आत्ता, हे लिहिता लिहिता, रेघ खाली आली.

मोटर बंद झाली. कुणी केली, कशी केली, बोर्डावर हात आपटून केली का नेहमीसारखी, मला माहीत नाही. मी आज त्यातून काही काढत नाही अक्का. फरजानाभाभींचा नंबरही काढून ठेवलाय. आधी मीनललाच लावतो. ती उचलणार नाही कदाचित. तरी लावतो.

रिंग जातेय.